कोरड्या दाताचा रंग

“डॉक्टरीणबाई, मशीन म्हणतंय ही मी नव्हेच!” यमुनाबाई सुजलेले पाय ओढत दातांच्या दवाखान्यात शिरल्या. बोटांचे ठसे बाद झाल्यापासून डायलिसिसचं दारही दात ओळखूनच उघडायचं.

चूक डॉक्टर हेमलताचीच होती. गेल्या आठवड्यात बाईंचा दात भरताना घाईघाईत तिने तो कोरडा पडल्यावर शेडच्या पट्टीशी रंग जुळवला होता. कोरडा दात पांढरा दिसतो, म्हणून सिमेंटही पांढरं भरलं गेलं आणि बाईंचे दोन डायलिसिस हुकले.

तिने दात ओला ठेवून मिश्रीच्या रंगाचं सिमेंट पुन्हा भरलं आणि बाईंना स्वतः डायलिसिसच्या दारावरच्या मशीनपुढे नेलं.

ओळख लगेच पटली. पडद्यावर आलं : यमुना घोलप, दोनदा गैरहजर, मृत.

“जुळला की रंग!” रखवालदार म्हणाला. “आता आणखी काय पाहिजे?”

हेमलता बंदच राहिलेल्या दारावर लाथा घालत राहिली. आत यमुनाबाईंच्या खाटेवर दुसऱ्याला घेतलं होतं.