स्कूटरचं घ्या, बसचं ठेवा

"तू फक्त रड. बाकी मी बोलतो," चौकाच्या कडेला मुलानं आईला पुन्हा बजावलं.

"रडते की. तुला जन्म दिल्यापासून सरावच आहे," आई म्हणाली आणि छत्री टेकत पुढे निघाली.

ट्रॅफिक हवालदार सिग्नलच्या खांबाला टेकून पाणी पीत होता. काल संध्याकाळी यानंच मुलाची स्कूटर अडवली होती, यंत्रात फुंकायला लावलं होतं आणि लायसन काढून घेतलं होतं. म्हातारी येताना दिसली तसं त्यानं बाटलीचं झाकण लावलं. अशा आया त्याला नेहमीच्या. कोणी पाया पडत, कोणी शिव्या घालत.

मुलगा शाळेची बस चालवायचा. घर त्या बसवर चालायचं.

"साहेब, स्कूटरवर होतो हो," त्यानं हात जोडले. "बस कुठे होती? स्कूटरचं लायसन घ्या, बसचं ठेवा."

हवालदारानं खिशातून कार्ड काढून समोर धरलं. "अरे, कार्ड एकच आहे. याच्यावरच स्कूटर, याच्यावरच बस. हे गेलं की दोन्ही गेलं. आणि पिऊन गाडी चालवल्याचा शिक्का बसल्यावर पोरांच्या बसवर परत घेतील का, ते शाळेला विचार."

"म्हणजे मी संपलोच की!" मुलानं आईकडे पाहिलं. कोपरानं ढोसलंसुद्धा.

आई रडेना. ती कार्डावरचा फोटो निरखत होती.

"यात बरा दिसतोय," ती म्हणाली. "तेव्हा पीत नव्हता."

हवालदार अवघडला. "मावशी, प्रकरण आज वर कोर्टात जाईल. त्याआधी ठाण्यात जाऊन साहेबांना भेटा. म्हातारं माणूस बघून कधीकधी ऐकतात ते."

"त्यांना कशाला भेटू? मला तुम्हालाच भेटायचं होतं. फार उपकार झाले तुमचे."

टोमणाच असणार, असं समजून हवालदार पुढच्या शिवीची वाट बघत उभा राहिला.

"खरंच सांगते. घसा बसेस्तोवर ओरडले मी याच्यावर. सून ओरडली. हा या कानानं ऐकायचा, त्या कानानं सोडायचा. मधे काही असेल तर अडकेल ना! याला फुंकायला लावलेली तुमची ती पिपाणी एकदा वाजली, आणि काल पहिल्यांदा हा मान खाली घालून घरी आला."

"आई, काय बोलतेस तू!"

"गप्प बस. म्हणे स्कूटर होती! दारू काय गाडी बघून चढते? तोंड एक, हात तेच, मग कार्डं दोन कशी असतील?" ती हवालदाराकडे वळली. आवाज खाली आला. "साहेब, सकाळी बस काढायला जातो ना, तेव्हाही वास येतो याच्या तोंडाला. जाऊ दे ते कार्ड वर."

मुलानं जोडलेले हात सोडले. "आणि आपण खायचं काय?"

"माझे हात अजून चालतात, चार घरचा स्वयंपाक करीन. तू बस धुवायला जा, ठेवून घेतलं तर. आधी यांचे आभार मान."

हवालदारानं कार्ड खिशात घातलं आणि उगाच खिशाचं बटण चाचपलं.

तेवढ्यात सिग्नल लाल झाला. शाळेची बस त्यांच्या पुढ्यातच येऊन थांबली. स्टिअरिंगवर बदली ड्रायव्हर होता.

"ड्रायव्हरकाका!" खिडक्यांतून एकच गलका उठला. दोन वेण्यांची एक पोर अर्धी बाहेर आली. "काका, तुम्हाला आज सुट्टी आहे?"

मुलाचं बोट आपोआप वर झालं. शाळा सुटल्यावर बस हलवण्याआधी तो रोज डोकी मोजायचा, तसं ते खिडकीखिडकीवरून सरकत गेलं. शेवटच्या खिडकीशी पोचलं आणि तिथंच थांबलं.

दिवा हिरवा झाला. बस निघून गेली.

"सगळी आहेत," तो म्हणाला. हवालदाराकडे बघून म्हणाला.