अपूर्ण प्रत

“आमचा कुलवृत्तांत अपूर्ण प्रतींच्या कपाटात? सोनेरी अक्षरांची नवी आवृत्ती आहे, बाई!” दाजीसाहेबांनी टेबलावर अशी मूठ आपटली की खिडकीतली सतरा कबुतरं उडाली. शेजारी ग्रंथालयाची कार्डं लावता लावता मोजली होती मी.

ग्रंथपाल निमकरबाईंनी चष्मा पुसला. “आमच्याकडे कुलवृत्तांताला क्रमांक देण्याआधी आतली नावं मोजतात, दाजीसाहेब. जुन्या आवृत्तीच्या मायक्रोफिल्ममध्ये तुम्ही सात भावंडं आहात. नव्या ग्रंथात सहाच. नाव कमी भरलं की पान गळालं असं धरून अपूर्णातला क्रमांक पडतो. नियम आहे.”

“पान नाही गळालं! धाकट्या बहिणीनं परजातीत लग्न केलं, म्हणून मीच तिला गाळलं.”

“असं होय? पण गाळलेल्यांसाठी आमच्याकडे वेगळं कपाट नाही हो.”

रविवारी कुलसंमेलन होतं आणि अख्खं कुळ हा ग्रंथ बघायला इथंच येणार होतं. दाजीसाहेबांनी ग्रंथाची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली; तोवर सतराच्या सतरा कबुतरं परत येऊन बसली. मग त्यांनी पेन काढलं.

“नुसतं नाव चालेल?”

“जन्मतारीखही लागेल. थांबा, फिल्म लावते.”

फिल्म लागेपर्यंत त्यांनी ती लिहूनही टाकली होती.