शिळं पाणी

पहाटे घरातलं शिळं पाणी ओतताना बायजाक्कांनी न्हाणीतली झाकलेली बादलीही अळूच्या वाफ्यात रिकामी केली.

"अहो आई, ते माझ्या माशासाठी ठेवलेलं!" नवी सून कळवळली. "रात्रभरात नळाच्या पाण्यातलं औषध उडतं. ताज्या पाण्यात मरेल तो."

"माझ्या घरात शिळं पाणी ठेवत नाहीत."

लग्नानंतर स्वतःच्या हौसेचं म्हणून सुनेनं तो मासा तेवढा आणला होता. त्याची काचेची पेटी कोरडीच राहिली, मासा दुकानातल्या पाण्याच्या पिशवीतच.

अक्कांनी पिशवीतल्या निळ्या माशाकडे डोळे वटारले. त्यानं उलट कल्ले फुगवले. "बोटभर जीव, पण तोरा बघा मेल्याचा!" त्यांना हसू फुटलं.

दुसऱ्या पहाटे मुलगा आंघोळीला गेला, तर रात्रीच भरून ठेवलेल्या बादलीशेजारी अक्का पाट टाकून बसलेल्या.

"हात लावशील तर बघ! सूनबाईचं शिळं पाणी आहे ते."