हळदीसारखी पिवळी

सत्यवानाने नाक माशांच्या टाकीच्या काचेला टेकवलं. करवंटीच्या तोंडाशी मादी होती तशीच होती, राखी रंगाची. बुटक्या सिक्लिड माशाची मादी अंडी घातली की पिवळीजर्द होते आणि मग नराला जवळ फिरकू देत नाही. एवढ्याशा टाकीत त्याला पळायला जागा नसते, म्हणून ती पिवळी दिसताच नराला बाहेर काढायचं, हे सत्यवानाला पाठ होतं. आठ दिवस तो त्या रंगाची वाट बघत होता.

आज नर कोपऱ्यात तिरका तरंगत होता. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या.

ही पिवळी नाही, काही नाही, मग याला कशाला मारते, असं सत्यवान पुटपुटला. त्याची बायको अनुजा कोळंबी सोलत होती. ओल्या हातांनी तशीच टाकीपाशी आली.

"अवो, परवापासून हळदीसारखी पिवळी झालीहा. तुमका दिसणा नाय?"

त्याने दिवा लावला. मादी पंख उभारून काचेवर धावून आली. डोळ्यावरची काळी रेघ स्वच्छ दिसली. बाकी सगळी मळक्या फडक्यासारखी.

टीबीच्या गोळ्यांचा त्याचा चौथा महिना होता. रंग फिके वाटले तर एक दिवसही थांबू नका, एक गोळी डोळ्यांना बाधू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गेले पंधरा दिवस त्याला वाटत होतं, गाडीची काच मळलीय. रोज दोनदा पुसत होता.

त्याला सकाळ आठवली. रस्त्याखालच्या मोरीचं काम चाललेल्या वळणावर एक माणूस झेंडा हलवत होता. या म्हणतोय असं समजून सत्यवानाने गाडी पुढे घातली. तो माणूस ओरडत बाजूला पडला आणि समोरून येणारा डंपर गाडीच्या वीतभर अंतरावरून गेला. गाडीत शाळेची अकरा मुलं होती. सत्यवानाने त्या माणसालाच शिवी हासडली होती.

"मोरीकडचो झेंडो कसल्या रंगाचो आसा गो?"

"लाल. कित्याक?"

तो मटकन खाली बसला.

आधी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आजची गोळी घेऊ नका, लगेच निघा, गाडी चालवू नका, असं त्या म्हणाल्या. मग एकेका पालकाला. अनुजाने तोवर नराला पातेल्यात काढलं होतं. तो कुशीवर पडून कल्ले हलवत होता.

डोळ्यांना रंग दिसत नाहीत, उद्यापासून दुसरी गाडी बघा, एवढंच सत्यवान सगळ्यांना सांगत होता. बहुतेकांनी काळजी घे म्हणून फोन ठेवला. त्याच्या गाडीतून जाणाऱ्या रियाच्या आईने ठेवला नाही.

"सत्यवानदादा," ती म्हणाली, "कधीपासून दिसणत नाय?"

मागे कुठेतरी रिया मोठ्याने पाढे म्हणत होती.