सूर्यास्तापूर्वी दोन गोळ्या

डबीवर बारीक अक्षरांत एवढंच छापलं होतं: झोपण्यापूर्वी अर्धा तास, दोन गोळ्या. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या विधीने ब्राह्मीच्या या गोळ्या वडिलांना ठळक स्वप्नं पडावीत म्हणून आणल्या होत्या. धुळ्यातलं काष्ठौषधींचं दुकान माझ्या हाती द्या, असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि सुरेशचंदांचं उत्तर ठरलेलं होतं, "बापूजी स्वप्नात येऊन हो म्हणाले, की लगेच." वारलेले आजोबा काही स्वप्नात यायचं मनावर घेत नव्हते.

पण सुरेशचंदांचा चौविहार. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात जात नसे. त्यांनी गोळ्या दुकानातच, दिवसाउजेडी घेतल्या आणि ऐन गर्दीत लोडाला टेकून घोरू लागले.

"शेठले झोप लागी गयी का, ताई?" सातपुड्यातून बेहडा विकायला आलेल्या मोगराबाईने हसत विचारलं. विधी ओशाळून त्यांना उठवायला वाकली.


तोच मिटल्या डोळ्यांनी सुरेशचंद सगळ्या गिऱ्हाइकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "रागावू नका बापूजी, उद्यापासून गादीवर विधीच बसेल."