तपासलेली नोटीस

"शी!" सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर मी मोठ्यानेच म्हणाले. वहीचा फाटका कागद, आणि सहा ओळींत अकरा चुका. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, अनुस्वार तर मीठ भुरभुरावं तसे कुठेही.

बत्तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. मजकुरात गुंतलं की चूक निसटते, म्हणून फक्त अक्षरं बघायची, ही तिथली शिस्त. पर्समधलं लाल पेन काढलं, अकराही चुकांभोवती गोल केले आणि खाली ठसठशीत लिहिलं, 'लिहिता येत नसेल तर लिहू नये.' संध्याकाळी कागद बोर्डावर नव्हता. चला, निदान लाज तरी वाटली!

सोमवारी सकाळी फाटकाशी टेम्पो उभा. तळमजल्यावरच्या शेवंतामावशींचं कपाट त्यात चढत होतं. सव्वीस वर्षांचा आमचा शेजार.

"मावशी, घर सोडताय? आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी बटव्यातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. त्यावर माझे लाल गोल होते. मजकूर मी आत्ता पहिल्यांदा वाचला. लेकाकडे कायमची चालले आहे, रविवारी सगळ्यांनी चहाला या, असं लिहिलं होतं. रविवार कालच होऊन गेला होता.

"सांगितलं होतं की," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तपासलंत."