मधली पायरी

बायको जिन्यावरून पडून वारल्याचं सुताराला कळलं, तेव्हा तो दुसऱ्याच्या घराचं दार बसवत होता. ती वाचनालयाची ग्रंथपाल. पुस्तकांच्या सज्जावर जाणाऱ्या तिथल्या शंभर वर्षांच्या सागवानी जिन्याची मधली पायरी डुगडुगत होती.

"लोकांची दारं बसवता, माझी पायरी तेवढी राहते," ती म्हणायची.

"उद्या करतो गं."

समितीने जुना जिना काढला आणि नवा त्यालाच करायला सांगितला. त्याने तो केला, फक्त मधली पायरी सोडून.

रोज दुपारी रिकाम्या सज्जातून चपला वाजत खाली येतात आणि त्या मोकळ्या जागेपाशी थांबतात.

"मिस्त्री, बसवून टाका हो ती," कारकून हळूच म्हणाला. "नुसतं थांबून राहतं ते."

पायरी तासून भिंतीला टेकवून ठेवली आहे. बसवायची राहिली आहे.